रांगेत कसं उभं राहावं: व्रोत्स्वाफ, १९८२

माझ्या भाचीची लेक शिकायला पोलंडला निघाली आहे, व्रोत्स्वाफला. परवा फोनवर म्हणाली, "आजोबा, तुम्ही सात वर्षं काढलीत तिथं, काय काय करायचं ते लिहून पाठवा की." मी लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन. "मामा, हे काय लिहिलंय? पोरगी घाबरली की." म्हणून आता तेच सगळ्यांसाठी देतोय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माहिती पक्की आहे. फक्त १९८२ सालची आहे.

तर पोरी, पहिली गोष्ट पिशवी. दोऱ्याची, जाळीदार, मुठीत मावणारी आणि ताणली तर अर्धं दुकान पोटात घेणारी. ही खिशात असल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. कॉलेजला जा, दवाखान्यात जा, मयताला जा, पिशवी हवीच. आमच्या विभागातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या अंत्यविधीला गेलो होतो. परत येताना दफनभूमीच्या कोपऱ्यावर लिंबं आलेली दिसली. पाच मिनिटांत सगळी सुतकी मंडळी रांगेत, काळ्या कोटांच्या खिशातून पिशव्या बाहेर. सरांच्या बायकोला पुढं जाऊ दिलं. तेवढी रीत तिथं होती.

रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग विचारायचं. आणि विचारायचं ते "काय मिळतंय?" असं नाही. "क्तो ओस्तात्नी?" म्हणजे शेवटी कोण? जो मान हलवेल त्याच्या मागं जाऊन थांब. आता तू रांगेत आहेस, आता तुला अस्तित्व आहे. काय मिळतंय हे मग सावकाश कळतं. पुष्कळदा पुढच्यालाही माहीत नसतं. त्याला एवढंच माहीत असतं की काहीतरी "टाकलंय". माल आला असं तिथं कुणी म्हणत नसे. "झुचिली" म्हणत, म्हणजे टाकला. कोंबड्यांपुढं दाणे टाकतात तसा.

आपल्याला हवं ते मिळेल अशी आशा धरून उभं राहू नकोस, पाय दुखतात. जे मिळेल ते हवं होतं असं समजायचं. मी एकदा दीड तास थांबून पंचेचाळीस नंबरचे हिवाळी बूट घेतले. माझा पाय एकेचाळीसचा. मागच्या बाईनं छत्तिसाचा पाय असताना तेच घेतले. आम्हा दोघांनाही फार आनंद झाला.

आत दुकानात फळ्या रिकाम्या असत असं लोक लिहितात, ते तितकंसं खरं नाही. व्हिनेगर असे. भिंतभर व्हिनेगर, कवायतीला उभ्या पोलिसांसारख्या बाटल्यांच्या ओळी. शेजारी मोहरीची चटणी आणि कधी चहा. खाटकाच्या दुकानात मात्र चकचकीत आकडे, त्यांना काही लटकलेलं नाही, आणि खाली पांढऱ्या टोपीतली बाई काउंटरवर कोपरं टेकून. तू तोंड उघडण्याआधीच ती म्हणणार, "न्ये मा." नाही. आपल्याकडं वाणी "संपलं हो" म्हणतो तेव्हा त्याला थोडं वाईट वाटल्यासारखं दाखवतो. ही बाई "न्ये मा" म्हणायची ते पत्त्याच्या डावात हुकूम टाकल्यासारखं. तिच्याशी भांडायचं नाही. काउंटरच्या वर काही नसलं तरी काउंटरच्या खाली असतं, आणि खाली कुणासाठी वाकायचं ते तीच ठरवते. तिच्या पोराला गणित शिकवतेस का बघ. मी शिकवलं. अपूर्णांकांचे दोन धडे म्हणजे पाव किलो लोणी.

दोन ठिकाणी माल टाकला तर? हे शिकून घे, महत्त्वाचं आहे. पुढच्याला आणि मागच्याला, दोघांनाही सांगायचं, "मी इथं उभी आहे हं," आणि दुसऱ्या रांगेत जायचं. तिथंही दोघांना सांगायचं आणि परत यायचं. फक्त पुढच्यालाच सांगितलंस तर तो माल घेऊन निघून जाईल आणि मागच्या बाई ते वाक्य टाकतील, जे ऐकून मी अजूनही दचकून जागा होतो: "पान तू न्ये स्ताऊ!" साहेब, तुम्ही इथं नव्हतात! गुन्हेगाराला शिक्षा सुनावावी तसा आवाज. त्यावर अपील नाही. गरोदर बायका, तान्ह्या पोरांच्या आया आणि अपंग यांची वेगळी सोय असायची, त्यामुळं आमच्या जिन्यातलं एक तान्हं पोर दिवसातून चार वेळा वेगवेगळ्या आयांबरोबर मटण आणायला जाई. वर्षाचं व्हायच्या आत त्यानं जेवढा व्यवहार बघितला तेवढा मी पदवी घेईपर्यंत बघितला नाही.

आता कुपनं. त्यांना कार्त्की म्हणत. साखरेची १९७६ पासूनच होती, मटणाची, म्हणजे सगळ्याच मांसाची, १९८१ च्या एप्रिलात आली, मग लोणी, पीठ, तांदूळ, साबण, धुण्याची पावडर, सिगारेट, दारू, लहान पोरांचं चॉकलेट. चॉकलेटवर "चॉकलेटसदृश पदार्थ" असं छापलेलं असे, आणि तेवढा प्रामाणिकपणा मी त्या सरकारच्या दुसऱ्या कुठल्याच छापील कागदावर बघितला नाही. महिन्याचं कार्ड, त्यावर छोटे चौकोन, दुकानदारीण कात्रीनं तेवढा चौकोन कापून घेई. कार्ड असलं की माल मिळेल असं नव्हे बरं का. कार्ड म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी.

साध्या माणसाला महिन्याला अडीच किलो मटण. आता आमचं घर माळकरी. आजोबांपासून गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी, अंडंसुद्धा घरात नाही. कोल्हापुरात जन्मून तांबडा रस्सा चाखला नाही म्हणून शाळेत पोरं चिडवायची. व्रोत्स्वाफमध्ये हीच गोष्ट कळली आणि माझा भाव रातोरात वाढला. अडीच किलोची कुपनं आणि खाणारा कुणी नाही! वर्गातल्या पोरी नोट्स द्यायला येऊ लागल्या. शेजारच्या बाईंनी त्यांच्या पुतणीचा फोटो दाखवला. माझ्या मटणाच्या चौकोनाचं लोणी होई, लोण्याचं साबण होई, साबणाचं एकदा ट्रान्झिस्टरला लागणारे सेल झाले. सिगारेट ओढत नव्हतो, तीही कुपनं मोकळी. व्यसन नसलेला माणूस तिथं सावकार असे. विठ्ठलानं मला एवढं कधीच दिलं नव्हतं.

घरमालकिणीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं शिकवलं तिनं. पोलिशमध्ये बाईमाणसाला "पानी" म्हणतात. पहिल्या वर्षी भाषा शिकायला वूच शहरात होतो, तेव्हा आठवडाभर मला वाटायचं सगळं गाव तहानलेलं आहे. तर आमची ही पानी. पत्ता सांगताना मी "कोल्हापूर" म्हणालो तशी तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "लई महाग. उद्या या." मी भिंतीला हात लावला. ती वळिवड्याची निघाली. दुसऱ्या महायुद्धात रशियानं हाकललेल्या पोलिश लोकांची छावणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती, १९४३ ते १९४८, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. आज तिथं गांधीनगर आहे, तुझ्या आईच्या लग्नाचा बस्ता तिथलाच. पानीला १९४० मध्ये, आठ वर्षांची असताना, ल्वुफजवळच्या, म्हणजे आताच्या युक्रेनमधल्या ल्विवजवळच्या, खेड्यातून मालगाडीत घालून कझाकस्तानात नेलं. तिथून इराण, तिथून कोल्हापूर. युद्ध संपलं तेव्हा तिचं गाव रशियाच्या पोटात गेलेलं, म्हणून ती आली व्रोत्स्वाफला, जे १९४५ पर्यंत जर्मन गाव होतं. तिच्या न्हाणीघरातल्या नळांवर अजून जर्मन अक्षरं होती. ती म्हणायची, "हिटलर बघितला, स्टालिन बघितला, आता हा काळ्या चष्म्याचा जनरल यारुझेल्स्की बघतेय. पोटभर केळी मिळाली ती फक्त तुमच्या महाराजांच्या राज्यात." रांगेतल्या पोरांना ती केळ्याची गोष्ट सांगायची, आपण परीची सांगतो तशी. पोरं विचारायची, साल कशी काढायची? ती हवेत काढून दाखवायची, सावकाश, तीन पट्ट्यांत.

टॉयलेट पेपरचं प्रकरण. (आपण पाणीवाले, मला फरक पडत नव्हता, पण पानीला पडे.) हा मिळतो तेव्हा सुतळीत ओवून मिळतो. पिशवीत मावत नाही, म्हणून गळ्यात घालून घरी जायचं. लाजायचं नाही. उलट मान ताठ ठेवायची, लोक रस्त्यात अडवून आदरानं विचारतात, कुठं टाकलाय? दुसरा मार्ग म्हणजे रद्दी. रद्दीच्या डेपोत किलोवारी कागद घातला की बदल्यात रोल मिळायचे. त्यासाठी कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र "त्रिबुना लुदू" सगळ्यात बरं. म्हणजे वाचायचं नाही, साठवायचं. शेवटी त्याचा जो उपयोग व्हायचा तो सरळही करता आला असता, पण पहिल्या पानावर नेहमी कुणाचा तरी फोटो असतो आणि भिंती पातळ असतात.

एकदा दहा रोलांची माळ मिळाली तेव्हा मित्रानं फोटो काढला. कृष्णधवल. मी गळ्यात हार घालून हसतोय, मागं विद्यापीठाची इमारत. तो मी घरी पाठवला. लष्करी कायदा चालू होता, पत्रं फोडून वाचत आणि वर शिक्का मारत: "तपासले". आईनं तो फोटो आणि शिक्का बघितला आणि गल्लीभर पेढे वाटले. पोराचा परदेशात सत्कार झाला, निशिगंधाचा हार घातला, सरकारी शिक्कासुद्धा आहे! तो फोटो अजून आमच्या जुन्या घरात देवळीशेजारी आहे. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तिथं रस्त्यात तुला ब्राँझचे वीतभर बुटके दिसतील, पर्यटक त्यांच्याबरोबर फोटो काढतात. ते कुठून आले ते माहीत असू दे. भिंतीवर कुणी सरकारविरोधी घोषणा लिहिली की नगरपालिका त्यावर रंगाचा ठिगळासारखा पट्टा मारी. १९८२ मध्ये त्या ठिगळांवर कुणीतरी टोपीवाले बुटके काढायला लागलं. काढणाऱ्यांची पुढं "नारिंगी पर्याय" नावाची टोळी झाली, म्होरक्या वाल्देमार फिद्रिख, स्वतःला मेजर म्हणवणारा. १९८७ च्या ऑक्टोबरात मी परतायच्या तयारीत होतो, तेव्हा त्यांनी श्विद्नित्स्का रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांना टॉयलेट पेपर वाटला. फुकट! पोलिसांना कळेना की याला कुठलं कलम लावायचं. माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल? मी विचारलं, "क्तो ओस्तात्नी?"

फोनवर जपून. १३ डिसेंबर १९८१ च्या रविवारी पहाटे लष्करी कायदा लागला आणि फोन मेले. जानेवारीत जिवंत झाले ते एक बाई घेऊनच. नंबर फिरवला की ती रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगत राही, "संभाषण नियंत्रित आहे, संभाषण नियंत्रित आहे." मी वसतिगृहातल्या एका नागपूरकराशी मराठीत बोलत होतो, विषय साबुदाणा. तिसऱ्या मिनिटाला खट्ट आवाज आणि फोन बंद. साबुदाण्याशिवाय खिचडी कशी करायची हा प्रश्न आम्हाला मग प्रत्यक्ष भेटून सोडवावा लागला. संध्याकाळी साडेसातच्या बातम्या गणवेश घातलेले लोक वाचत. पूर्वेकडच्या श्विद्निक गावात लोक नेमके त्या वेळी फिरायला बाहेर पडू लागले, टीव्ही खिडकीत रस्त्याकडं तोंड करून ठेवून. पानीनं ते ऐकलं आणि आमचाही टीव्ही खिडकीत गेला. बाहेर उणे बारा. आम्ही दोघं चौकापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो, आणि खिडकीतला कर्नल तिसऱ्या मजल्यावरून बर्फाला उत्पादनाचे आकडे सांगत असे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, तेव्हा कोटाला रेझिस्टर टोचून हिंडायची फॅशन आली. त्याला पोलिशमध्ये म्हणतात ओपोर्निक, आणि ओपुर म्हणजे प्रतिकार. चौकात पोलिसानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, साडेचार किलोओहम. तो काढून घेतला. प्रयोगशाळेतला होता, पैसे मला भरावे लागले.

दारूचं मी थोडक्यात सांगतो, तुझी आई वाचतेय. दुकानात दुपारी एकच्या आधी मिळत नसे, तीही कुपनावर, महिन्याला अर्धा लिटर. म्हणून लोक घरी गाळत. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: १४१०. एक किलो साखर, चार लिटर पाणी, दहा डेका म्हणजे शंभर ग्रॅम यीस्ट. १४१० ही त्यांची ग्रुनवाल्दची लढाई, जर्मन सरदारांना हरवलं ते साल, शाळेतलं प्रत्येक पोर पाठ म्हणतं. आपल्याला पाठ आहे ते साल १७६१, त्यातून काय गाळणार.

नाताळ. चोवीस डिसेंबरच्या रात्री जेवणात कार्प मासा लागतोच. तो आधी मिळेल तेव्हा घ्यायचा, जिवंत, आणि तोवर बाथटबमध्ये ठेवायचा. १९८१ ला आमच्याकडं तो एकोणीस तारखेला आला. सहा दिवस टब त्याचा. मी दात घासताना तो वर येऊन तोंड उघडमीट करी, काहीतरी मागणी मांडल्यासारखं. रात्री दहा ते सकाळी सहा संचारबंदी, बाहेर रणगाडे, घरात आम्ही तिघं: पानी, मी आणि तो. घरात न घाबरलेला तेवढाच एक. चोवीसला सकाळी पानीनं लाकडी हातोडा आणला आणि म्हणाली, धर. माळकऱ्यानं मासा धरला. बाकीचं विचारू नकोस.

आता मोठ्या वस्तूंची रांग. फ्रिज, शिलाई मशीन, धुण्याचं यंत्र. ही महिनोन् महिने चालते, त्यामुळं उभं राहता येत नाही, यादीत राहावं लागतं. लोक आपली समिती नेमतात, वहीत नावं आणि नंबर, आणि दिवसातून दोनदा दुकानापुढं हजेरी. नाव पुकारलं आणि तू नसलीस की काट. आमची वही एका निवृत्त भूगोलाच्या बाईंकडं होती. पेन्सिलीला दोरी बांधलेली, हातमोज्याचं एक बोट कापलेलं, लिहिता यावं म्हणून. सरकारचा कुठलाही आकडा खोटा असेल, बाईंची वही खरी. यंत्र फ्रान्या नावाचं, म्हणजे पायांवर उभा गोल पिंप, खाली मोटर, वर कपडे पिळायचे दोन रूळ.

पानीचा नंबर ५१. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात सॉलिडॅरिटी या सरकारविरोधी कामगार संघटनेचं काम करायचे, त्यांचा ४३. तेरा डिसेंबरच्या रात्री त्यांना उचललं. चौदाला सकाळी, संचारबंदी उठल्यावर सहाला, हजेरी. "४३." कुणी बोलेना. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "४३?" पानी म्हणाली, "स्तोई." उभा आहे. बाई म्हणाल्या, "कुठं?" पानी म्हणाली, "दुसऱ्या रांगेत." बाईंनी पेन्सिल ओली केली आणि टिक मारली.

त्यानंतर सात महिने रोज दोनदा ४३ ला कुणी ना कुणी "स्तोई" म्हणत राहिलं. आता ६१ नंबरला एक साहेब होते, बूट चांगले, कुठल्या खात्यात नोकरी ते सगळ्यांना माहीत. ४३ कापला गेला असता तर ते ६० वर सरकले असते. एक शब्द पुरला असता. पण त्यांनाही रात्रपाळ्या फार पडत त्या दिवसांत, लोकांच्या दारांवर थापा मारायच्या, त्यामुळं सकाळच्या हजेरीला तेच कितीदा नसत. आणि ६१ ला बाई थांबल्या की ४३ ची बायको शांतपणे म्हणे, "स्तोई." दोन्ही बाजू गप्प. एवढा पक्का करार त्या वर्षी पोलंडमध्ये दुसरा झाला नाही.

जुलैत ते सुटले. नोव्हेंबरात यंत्रं टाकली, पंचेचाळीस. ४३ ला मिळालं. ६१ ला नाही, आम्हालाही नाही. चौघांनी फ्रान्या दुसऱ्या मजल्यावर चढवली, सगळा जिना बघायला जमला, कुणीतरी १४१० आणलं. यंत्र लावलं, पाणी भरलं आणि मग लक्षात आलं की धुण्याची पावडर नाही. त्यांनी आत असतानाच्या सवयीनं पावडरीची कुपनं सिगारेटींवर घालवली होती. माझ्याकडची मी सेलांवर.

महिनाभर फ्रान्या तशीच कोपऱ्यात, वर क्रोशाचा रुमाल. मग डिसेंबर आला आणि कार्प आले. पाच घरांचे पाच. पानीनं रुमाल उचलला, आत डोकावून बघितलं आणि मला म्हणाली, "चला." पाचही आत मावले. एकदा पोरानं बटण दाबलं तेव्हा थोडे फिरले, बंद केल्यावर परत आपापल्या जागी आले.

त्या नाताळात अख्ख्या जिन्यानं आंघोळ केली.